पियुषले विचारा

नागपुरात चांगली कॉफी कुठी भेटते, कोण्या बेकरीतला केक ताजा असते, हे आमच्या कारंज्यात कोणाले पाह्यजे असलं तं लोकं माह्या भावाले विचारतेत. पियुषले. संत्र्याचा बगीचा करणारा माणूस, घरी चहाशिवाय काई पीत नाई, त्याले एवढं ज्ञान कुठून आलं? पोरी पाहू पाहू आलं बापा!

आता घरी पोरगी पाहाचे दिवस गेले. पोरगी नागपूरले जॉबवर असते, रविवारी कॉफी शॉपमधी भेटा म्हणते. पह्यल्यांदा आम्ही सारेच गेलतो. बापूजी, माय अन् मी, सोबत संत्र्यायची थैली अन् घरचा चिवडा. दारावरच्या माणसानं थैली बाहेरच ठेवाले लावली. पोरगी आमच्याकडे पाहून जे मोबाईलमधी घुसली, ते निघेपर्यंत वर पाह्यलं नाई तिनं. तवापासून पियुष एकटाच जाते. आधी एक चक्कर मारून दुकान पाहून येते, कुठी गोंगाट कमी, कुठी बोलणं होते. पोरी कॉफी पितेत, गोड बोलतेत अन् शेतीचं नाव निघालं की घड्याळ पाह्यतेत. संत्री खाले पाह्यजे, संत्रेवाला नको!

जाम गावची वर्षाली मात्र तशी नोती. धरमपेठेतल्या एका बेकरीत दोघं दुपारभर बसले. पियुष घरी आला तं एकटाच हसून राह्यला.

"ताई, संत्र्याचा बहार कधी धरता म्हणून विचारलं तिनं मले. आजपर्यंत कोणं विचारलं होतं?"

तिच्या बाबानं विचार करून कळवतो म्हटलं. पियुषनं तं आधीच सांगून ठेवलं होतं, यानंतर मी कोणाले पाहाले जाणार नाई. त्यामुळं बापूजी फोन घेऊन बगीच्यात जात, फोन घेऊन जेवाले बसत. ठरेपर्यंत भाऊबंदात बोलू नका, असं त्याईनं सगळ्याईले बजावलं होतं.

काल काकाचा सचिन आला. पियुषहून लहान, वर्ध्याले नुकताच सरकारी नोकरीले लागला. नोकरी लागल्याबरोबर स्थळायची रांग.

"दादा, रविवारी नागपूरले पोरगी पाहाले जाऊन राह्यलो. एखादं चांगलं कॉफी शॉप सांग न गा."

पियुष खुशीनं सांगाले लागला. स्टेशनजवळ नेऊ नको, लय गर्दी असते. मोठं दिसते तिथलं सामान शिळं असते.

"पोरगी कोणती?" मी विचारलं.

सचिननं मोबाईल पुढं केला. वर्षाली. बापूजीच्या मोबाईलमधी होता तोच फोटो.

"तिच्या बाबानंच फोन केलता. शेतीवाला नको म्हणे त्याईले."

माहं डोस्कं असं सणकलं! नोकरीवाला भेटला म्हणून आम्हाले लटकवून ठेवलं, एक फोन कराची लाज वाटली काय मेल्याले? मी तोंड उघडलंच होतं, पण पियुषनं डोळ्यानंच मले थांबवलं. बापूजीनं हातातला फोन खाटेवर ठेवून देल्ला.

"मंग धरमपेठेतल्या बेकरीत ने," पियुष म्हणे. "काळी कॉफी मागवू नको, कडू लागते. दुधाची सांगजो. अक्रोडाचा केक घेजो अन् अर्धा तिच्यापुढं ठेवजो, ती स्वतःहून मागणार नाई. खिडकीजवळच बसजो."

"तुले एवढं कसं माहीत गा, दादा?"

"मी लय पाह्यल्या न."

सचिन हसला. अन् ते सारं त्यानं मोबाईलमधी लिहून घेतलं.