आईच्या नावाची पाणपोई

वीज गेली की आपण पहिली शिवी मंत्रालयाला हासडतो. सबीका अशाच एका वाळवंटी देशाच्या वीज मंत्रालयात नोकरीला होती. उन्हाळा असा पेटला होता की घरोघरचे एसी आणि समुद्राचं पाणी गोडं करणारी केंद्रं, दोन्हींना एकदम वीज पुरेना. म्हणून रोज दुपारी एखाद्या वस्तीची वीज थोडा वेळ बंद ठेवावी लागे. कुठली वस्ती, हे सबीका ठरवी. त्या मंगळवारसाठी तिने मुद्दाम स्वतःची वस्ती निवडली आणि लुलुवाखालाला, म्हणजे आपल्या वारलेल्या आईच्या बहिणीला, फोन करून सांगितलं, "उद्या तुझ्याकडची वीज जाणार नाही. निर्धास्त राहा."

आणि मंगळवारी दुपारी वीज जाऊन खाला लिफ्टमध्ये अडकली. शेजाऱ्यांनी बाहेर काढलं तेव्हा ती घामाने निथळत होती. एकटी राहणारी बाई. सबीका धावत गेली आणि तिला गाडीत घालून आपल्या घरी घेऊन आली. असं झालंच कसं, हे तिला वाटभर कळेना.

घरासमोर येताच कळलं. फाटकाबाहेर, भिंतीला लागून आईच्या नावाची पाणपोई होती. वाटसरूंसाठी बसवलेलं ते गार पाण्याचं यंत्र मजेत घरघरत होतं. आत एसीच्या गारव्यात तिचे वडील ग़ानिम पाहुण्यांना कॉफी पाजत होते.

सबीकाने विचारताच वडिलांनी आढेवेढे न घेता सांगून टाकलं. सबीकाचा साहेब मरझूक त्यांचा शाळासोबती. सकाळी त्याला एक फोन केला आणि सबीकाला न कळवताच आपल्या वस्तीची पाळी खालाच्या वस्तीवर गेली.

"तुझ्या आईची पाणपोई बंद पडू द्यायची होती का? पुण्याचं काम आहे, पोरी."

ज्या माणसाने शेजाऱ्याच्या झाडाखालचा खजूरही विचारल्याशिवाय उचलू दिला नाही, त्यानेच पाठीमागून मुलीचा शब्द खोटा पाडला! सबीकाला रडू आवरेना.

"बाबा, परक्याने केलं असतं तर भांडले असते. तुमच्याशी काय भांडू?"

वडिलांनी गडबडीने पाणपोईचा पेला भरून खालासमोर धरला. तिने तो बाजूला सारला.

"ग़ानिम, हे पाणी माझ्या घरच्या विजेवर गार झालंय. वीज आहे तेवढीच आहे. तुझ्याकडची जायची टळली, म्हणजे ती कुणाची तरी गेली. आज मी होते म्हणून तुला दिसलं. कुणी अनोळखी असतं, तर तू अजून कॉफीच पीत बसला असतास. माझ्या बहिणीला असलं पुण्य नको."

याला आपल्याकडे हलवायाच्या घरावर तुळशीपत्र म्हणतात. ग़ानिमनी तिथेच पाहुण्यांदेखत मरझूकला फोन लावला. "उद्या आमची वस्ती घे. आणि असल्या कामासाठी माझा फोन पुन्हा आला, तर उचलू नकोस."

दुसऱ्या दिवशी दुपारी यंत्र गप्प झालं. त्याच्या बाजूला ओल्या फडक्यात गुंडाळलेला मातीचा रांजण होता आणि ग़ानिम स्वतः येणाऱ्याजाणाऱ्याला पाणी देत बसले होते. कचेरीतून आलेली सबीका त्यांच्या हातचं पाणी प्यायली. पण "निर्धास्त राहा" असं तिने त्यानंतर कुणालाच सांगितलं नाही.

तेव्हा बंधुभगिनींनो, मंत्रालयाला शिवी देण्याआधी आपण कुणाला फोन केला होता, ते आठवावं. वशिल्याने घरात आलेला गारवा दुसऱ्या कुणाच्या तरी घरातून काढलेला असतो. ते घर आपल्याच माणसाचं निघेपर्यंत थांबू नये.