कपारीतला नारिंगी मासा

थोरलीने बंदराजवळच्या जुन्या गोदामात मत्स्यालय थाटलं, पण दारासमोरची मोठी टाकी रिकामीच राहिली होती. धाकटी समुद्रात बुड्या मारून मासे पकडायची. "काहीतरी भडक रंगाचं आण गं," थोरली रोज म्हणायची, "लोक दारातच थबकले पाहिजेत."

काय आणायचं ते धाकटीला माहीत होतं. किनाऱ्यालगतच्या खडकांच्या कपारीत तळहाताएवढे नारिंगी डॅम्सेल मासे राहायचे. त्यांतला एक नर तिच्या चांगला ओळखीचा झाला होता. त्याने खडकाचा तुकडा साफ करून त्यावर तांबडं शेवाळ राखलं होतं, आणि माद्यांनी त्यात अंडी घातल्यापासून तो तिथून हलत नव्हता. धाकटी जवळ गेली की पळायचं सोडून तिच्या हातमोज्यालाच चावायला यायचा. त्यामुळे त्याला पकडायला कष्ट पडले नाहीत. तिने जाळी पुढे केली आणि तो अंगावर आला तो थेट आतच.

त्याला जाळीतून पिशवीत घालून दोरी आवळेपर्यंत आजूबाजूचे मासे अंड्यांवर तुटून पडले. तिने हातांनी हाकलले. इकडून हटले की तिकडून यायचे. पिशवी उघडली असती तरी पुरे होतं. तिचा हात दोरीवर गेलाही. मग ताईचा चेहरा डोळ्यांपुढे आला आणि ती वर निघाली.

टाकीत मासा काही खाईना. कोपऱ्यातल्या दगडाभोवती नुसत्या घिरट्या घालायचा.

"याचं काय बिनसलंय?" थोरलीने विचारलं.

"अंडी राखत होता, ताई. मी उचलला आणि बाकीच्यांनी ती फस्त केली."

"तुझ्या डोळ्यांदेखत?"

"हो."

"मग तिथेच सोडायचास ना."

"आणि तुला काय तोंड दाखवणार होते?"

थोरली बराच वेळ पुसलेलीच काच पुसत राहिली. "मी तरी एवढी का हात धुऊन मागे लागले?" ती म्हणाली. "उद्या सोडून येऊ. मीही येते."

थोरलीला पोहता येत नव्हतं. सकाळी ती मांडीवर बादली घेऊन होडीत बसली आणि धाकटी माशाला घेऊन खाली गेली. सुटल्यासुटल्या तो आपल्या खडकाकडे धावला. शेवाळ कुरतडलेलं होतं, अंड्यांचा मागमूस नव्हता. तिथे सरपटत आलेली एक गोगलगाय त्याने तोंडात धरून लांब नेऊन टाकली आणि परत येऊन जागेवर थांबला.

धाकटी वर आली.

"गेला घरी?"

"गेला. राखत बसलाय." तिने डोळ्यांवरची काच काढली. "काहीच उरलं नाहीये तिथे, ताई. तरी बसलाय."

थोरलीने तिच्या खांद्यांवर टॉवेल टाकला. वल्ह्यांना दोघींपैकी कुणीच हात लावला नाही.