माझ्या बिजागरीखाली काय लिहिलंय

दचकू नका. बॉनेट उघडं आहे म्हणून आवाज जरा मोठा येतोय. मी घड्याळजींची निळी गाडी बोलतेय. सरकारी कागदात मला नुसतं गाडी म्हणत नाहीत, 'बदल केलेले वाहन' म्हणतात. इतकी वर्षं इमानेइतबारे चाकरी केल्यावर हे ऐकून घ्यावं लागतं.

माझा जन्म कारखान्यातला. रांगेत पुढची गाडी पांढरी, मागची पांढरी आणि मधे मी निळी. बहुतेक त्या दिवशी मधेच पांढरा रंग संपला असावा. शोरूममध्ये चार महिने मला कोणी विचारलं नाही. मग एक दिवस एक किडकिडीत माणूस आला, त्याने माझं दार उघडलं, मिटलं, आवाज ऐकला आणि म्हणाला, "ठीक आहे." मला वाटलं, याला मी आवडले नाही. पण त्याने मलाच घेतलं.

हे घड्याळजी. घराच्या पुढच्या खोलीत त्यांचं दुकान. पण खरं काम गावभर पसरलेलं. स्टेशनवरचं घड्याळ, वाचनालयातलं, इस्पितळातलं, शिवाय कितीतरी घरांतली भिंतीवरची जुनी घड्याळं. दर आठवड्याला जाऊन किल्ली द्यायची, तेल द्यायचं, मिनिटं जुळवायची. मी त्यांना दारोदार नेत असे.

माणूस भला, पण बोलायच्या बाबतीत महाकंजूष. आमटी उत्तम झाली तरी "ठीक आहे". बायकोने दोन महिने खपून स्वेटर विणला, "ठीक आहे". मुलगी गाड्यांच्या कामाच्या परीक्षेत पहिली आली, तेव्हाही "ठीक आहे". खरं तर तिने घड्याळं शिकावीत अशी त्यांची फार इच्छा होती. पण तिला इंजिनाचं वेड. "घड्याळाला तेलाचा एक थेंब पुरतो, आणि तू बादलीत हात घालणार," एवढं एक लांबलचक वाक्य ते तेव्हा बोलले होते. तिने गॅरेज काढलं.

त्यांच्या धंद्यातली एक रीत सांगायला हवी. घड्याळ दुरुस्त झालं, की झाकणाच्या आतल्या बाजूला सुईने बारीक अक्षरात कोरून ठेवायचं: तारीख, काय काम केलं, कोणी केलं. गिऱ्हाइकाला ते कधी दिसत नाही. पुढे कधीतरी जो घड्याळजी ते झाकण उघडेल, त्याच्यासाठी ते लिहिलेलं असतं. डोळ्याला भिंग लावल्याशिवाय वाचताही येत नाही. तोंडाने दोन शब्द न बोलणारा हा माणूस झाकणांच्या आत मात्र भरभरून लिहायचा.

दुसरी खोड स्वच्छतेची. दिसेल ते उघडायचं आणि पुसायचं. बायकोही तशीच. दोघांच्या तावडीतून धुळीचा कण सुटत नसे. याचा मला पुढे काय ताप झाला ते सांगतेच.

एक दिवस स्टेशनच्या घड्याळाखालची शिडी सरकली. घड्याळजी वाचले, पण डावा गुडघा आखडला तो आखडलाच. क्लच दाबता येईना. नेमकं त्याच सुमाराला माझं इंजिनही म्हातारं झालं होतं. मी इतका धूर सोडायचे, की मागचे लोक काचा वर करायचे. आम्ही दोघं अंगणात समोरासमोर बसून असायचो. ते खुर्चीवर, मी टायरांवर.

मुलीने आम्हा दोघांवर एकच उपाय काढला. घरोघर औषधं पोचवणारी एक व्हॅन मागून ठोकली गेली होती, पण तिचं इंजिन धडधाकट होतं आणि गिअर आपोआप बदलणारे, क्लचची भानगडच नाही. तीन आठवडे तिने मला गॅरेजात उघडून ठेवलं. इंजिन घातलं, गिअरबॉक्स घातला, आणि धुरातलं विष गाळणारी सरकारमान्य गाळणीही बसवली. त्या गाळणीबरोबर मान्यतेचा नंबर छापलेलं चंदेरी स्टिकर आलं, ते तिने बॉनेटच्या आत चिकटवलं.

परक्या इंजिनाची सवय व्हायला वेळ लागला. त्याला प्रत्येक दारापाशी हळू होण्याची खोड होती. पण आमचंही काम दारोदारीचंच असल्यामुळे आमचं जमलं.

घड्याळजींनी माझ्यातून पहिली फेरी मारली. उजव्या पायाने सगळं होत होतं. ते परत आले, उतरले. मुलगी फडक्याला हात पुसत उभी होती.

"कसं झालंय, बाबा?"

"ठीक आहे."

ती हसली, पण फडकं उगाचच पुन्हा पुन्हा पिळत राहिली. मला घड्याळजींचा असा राग आला म्हणून सांगू! हॉर्न वाजवावासा वाटत होता.

दुपारी ती जेवायला गेल्यावर मात्र घड्याळजी एकटेच आले. बॉनेट उघडलं, डोळ्याला भिंग लावलं, आणि डाव्या बिजागरीखाली सुईने काहीतरी कोरत बसले. चांगला अर्धा तास. मला गुदगुल्या होत होत्या. काय लिहिलं ते मला कसं कळणार? स्वतःच्या पाठीवरचं कोणाला वाचता येतं?

वर्षभर झकास चाललं. मग पत्र आलं. इंजिन बदललेल्या प्रत्येक गाडीने धूर-तपासणी करून दाखला घ्यायचा. दाखला नसेल तर गाडी रस्त्यावर आणायची नाही.

तपासणीच्या दिवशी सकाळी घड्याळजींनी मला चकचकीत करायचं ठरवलं. बॉनेट उघडून त्यांनी स्पिरिट आणि ब्रश घेतला. नट पुसले, नळ्या पुसल्या, बॅटरीची टोकं पुसली. मग त्यांची नजर चंदेरी स्टिकरवर गेली. त्यावर तेलाचे डाग होते. मी मनातल्या मनात ओरडले, पण माझं कोण ऐकतं?

केंद्रावर तपासनीस होता कानावर पेन्सिल ठेवणारा आणि नियम ओठ हलवत वाचणारा. त्याने यंत्राची नळी माझ्या धुराच्या नळीत खुपसली. नको तिथे नळी घालून वर "जरा रेस करा" म्हणायचं, ही कुठली रीत? मी लाजेने आणि भीतीने आक्रसून उभी राहिले. पडद्यावर आकडे आले. तपासनिसाने पेन्सिल काढली, आकडे पाहिले, यंत्राला एक थाप मारली, पुन्हा पाहिले.

"काका, कोऱ्या गाड्यांचाही धूर इतका साफ नसतो."

सोबत आलेल्या मुलीचा चेहरा फुलला. मग त्याने बॉनेट उघडलं.

"इथे नंबर असतो."

"होता," घड्याळजी म्हणाले.

"मग गेला कुठे?"

"पुसला."

"कशाला?"

"मळला होता."

तपासनिसाने कपाळावर हात मारला. स्टिकर आरशासारखं लखलखत होतं आणि त्यावर अक्षर म्हणून नव्हतं.

त्यांना खिडकीवर पाठवलं. खिडकीतल्या बाई फार मदतीच्या. "नवीन स्टिकर मिळतं ना," त्या म्हणाल्या. "फॉर्ममध्ये फक्त जुन्याचा नंबर भरायचा."

"तोच तर पुसला गेलाय," मुलगी म्हणाली.

"हरकत नाही. पण तो गाडीवर दिसला पाहिजे. तपासनीस स्वतः वाचून ताडून बघणार. तोंडी किंवा कागदावर चालत नाही."

"म्हणजे पुसलेला नंबर दिसला पाहिजे?"

"हो," बाई म्हणाल्या, आणि पुढच्याला बोलावलं.

मुदत मिळाली पंधरा दिवसांची. गाळणी विकणाऱ्याने दुकान बंद करून गाव सोडलं होतं. पावती मुलीने घरच्या कपाटात ठेवली होती, ती तिच्या आईने सफाई करताना रद्दीत घातली होती. आधी म्हटलं ना, दोघांच्या तावडीतून काही सुटत नाही.

ते पंधरा दिवस मी विसरणार नाही. मी अंगणात बंद. घड्याळजी घरात बंद. त्यांनी आधी मिक्सर उघडला. मग दाराचं कुलूप. मग शिवणयंत्र. "अहो, ओट्यावर पोळपाट ठेवायला जागा नाही!" बायको ओरडायची. शेवटी तिने माहेरी निघून जायची धमकी दिली. माहेरी आता कोणी उरलेलं नाही, हे तिला पिशवी भरून झाल्यावर आठवलं.

गावातली घड्याळं एकेक करून थांबत होती. वाचनालयातून फोन आला, इस्पितळातून आला. स्टेशनचं घड्याळ चार वाजून दहा मिनिटांवर थांबलं. "मी रोज नेऊन सोडते ना तुम्हाला, बाबा," मुलगी म्हणाली. ते म्हणाले, "तुझं गॅरेज सोडून? नको." संध्याकाळी ते माझ्यात येऊन बसायचे, इंजिन बंद, हात स्टिअरिंगवर. एकदा ते मोठ्याने म्हणाले, "दुकान बंद करावं आता." माझ्याशिवाय ऐकायला कोणी नव्हतं. मला फार वाईट वाटलं.

आणि हे सगळं कशासाठी? बिजागरीखाली काहीतरी कोरलेलं होतं हे मला ठाऊक होतं आणि त्यांनाही. नंबर लिहिल्याशिवाय राहणारा हा माणूस नव्हे. मग बोलत का नव्हते? दोनदा त्यांनी बॉनेट उघडलं, भिंग लावलं, इकडे तिकडे पाहिलं. एकदा तर बारीक कानस घेऊन आले आणि त्या मजकुराच्या खालच्या टोकाला टेकवली. पण घासवेना. कानस खिशात घालून परत गेले. लाजेने इतके लाल झाले होते, की मला वाटलं, ताप आलाय.

पंधराव्या दिवशी तिघंही मला घेऊन केंद्रावर आले. तपासनिसाने रिकामा फॉर्म पाहिला आणि पेन्सिल कानावर ठेवली.

"काका, माझ्या हातात काही नाही. नंबर दिसत नाही, म्हणजे गाळणी मान्यतेची की कुठली तरी, मला कसं कळणार?"

तेव्हा मुलगी पुढे झाली. "बाबांची चूक नाही, साहेब. नंबर मी लिहून ठेवायला हवा होता. मीच काम कच्चं केलं. तसं लिहा."

तपासनीस लिहायला लागला. 'काम कच्चे.'

घड्याळजींच्या डाव्या गुडघ्याला त्या दिवशी काय झालं कोण जाणे, ते ताडकन उठले. "खोडा ते," म्हणाले. "चुकीचं लिहू नका." खिशातून भिंग काढून त्यांनी तपासनिसाच्या हातात ठेवलं. "डाव्या बिजागरीखाली बघा. आणि नंबर तेवढा वाचा. पुढचं काही वाचायचं कारण नाही."

तपासनीस माझ्यात डोकं घालून वाकला. "अरे वा! नंबर आहे की." खिडकीतल्या बाईंनी वही काढून ताडून पाहिला. गाळणी मान्यतेची, नंबर अक्षर न् अक्षर बरोबर.

"पण हे हाताने कोरलेलं चालतं का?" बाईंनी विचारलं.

तपासनिसाने नियमांचं पुस्तक उघडलं, ओठ हलले. "'वाहनावर कायमस्वरूपी कोरलेला' असं आहे. कोणी कोरलेला ते नाही. अक्षर किती मोठं हवं तेही नाही. चालतं." मग त्याने पान उलटलं. "मात्र कोरलेला मजकूर पूर्ण उतरवायचा, असं आहे. बाई, घ्या लिहून."

"साहेब, राहू दे ना तेवढं," घड्याळजी काकुळतीला आले. मी त्यांना इतकं घाबरलेलं शिडीवरून पडतानाही पाहिलं नव्हतं.

"नियम आहे, काका." आणि तो भिंगातून, एकेक शब्द तोडून, सगळ्या केंद्राला ऐकू जाईल असा वाचू लागला. "इंजिन, गिअरबॉक्स, गाळणी बदलली. बसवणारी, माझी मुलगी. मी प्रत्येक जोड तपासला. काम माझ्याहून स्वच्छ."

बाईंचं लिहिणं थांबलं. घड्याळजी माझ्या पुढच्या टायरकडे असे बघत होते, जणू तो आत्ताच पंक्चर होणार आहे. मुलगी बिजागरीपाशी गेली, तपासनिसाकडून भिंग घेतलं आणि स्वतः वाचलं. मग पुन्हा वाचलं. तिच्या डोळ्यातलं पाणी माझ्या रेडिएटरवर पडलं. त्याने मला बरं वाटलं.

"सव्वा वर्ष हे इथे होतं, बाबा?"

"हं."

"आणि मला सांगितलं नाहीत?"

घड्याळजींनी माझ्या टायरवरची धूळ बोटाने पुसली. "तू उघडशील कधीतरी, असं वाटलं."

"स्वेटरबद्दल कुठे कोरलंय?" मागून बायकोने विचारलं. त्यावर ते एकदम खोकायला लागले.

मला दाखला मिळाला. तो माझ्या पुढच्या कप्प्यात आहे. त्यावर शेऱ्याच्या रकान्यात सरकारी शिक्क्याखाली लिहिलंय, 'काम माझ्याहून स्वच्छ'. परतताना घड्याळजी मला घराकडे न्यायचं विसरले आणि थेट स्टेशनवर नेलं. त्या दिवशी गावाची चार वाजून दहा मिनिटं संपली.

आता आमचं बरं चाललंय. मी थोडी खडखडते, पण धूर साफ आहे. घड्याळजी काही बदललेले नाहीत. परवा मुलीने माझे ब्रेक नीट केले आणि विचारलं, "कसं झालंय, बाबा?"

"ठीक आहे."

"बरं," ती म्हणाली आणि खिशातून स्वतःचं भिंग काढलं. "कुठे कोरणार ते तेवढं सांगा."

तुम्हाला एकच विनवणी. तुमच्या घरात कोणी चांगलं काम केलं असेल, तर तोंडाने सांगा, त्याच दिवशी सांगा. तपासनिसाची वाट बघू नका. आणि अगदीच जमत नसेल, तर सुई घेऊन या. माझ्या अंगावर अजून पुष्कळ पत्रा कोरा आहे.