झाडू लागला

टोरोंटोहून येणारी माणसं थंडीला नावं ठेवत येतात आणि फुकटच्या पिरोगी, म्हणजे बटाटा भरलेल्या उकडलेल्या करंज्या, चेपून जातात. आमच्या ग्रॅनफील्डला त्याची सवय आहे. पण गेल्या हिवाळ्यात सिनेमावाल्यांची जी टोळी आली ती ओरेस्टला उचलून न्यायला आली होती, आणि ओरेस्ट तर त्याआधीच चर्चमागच्या मातीत निजला होता. मेलेला माणूस बोलत नाही, हे या लोकांना फार सोयीचं पडतं.

लेसिया ही ओरेस्टची बायको. तिला एकच काळजी होती. नवऱ्यानं आयुष्यभर सांभाळलेलं नाव या उंटावरच्या शहाण्यांच्या हाती लागून त्याची माती होऊ नये.

ते नाव कसं झालं हे या प्रांतात शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. ओरेस्ट धान्याच्या एलिव्हेटरवर, म्हणजे उंच कोठारावर, काम करायचा आणि हिवाळाभर कर्लिंग खेळायचा, म्हणजे बर्फावरून जड दगड सरकवत वर्तुळात नेण्याचा खेळ. आमच्याच बर्फाच्या रिंकमध्ये झालेल्या प्रांताच्या अंतिम सामन्यात त्याच्या संघाचा शेवटचा दगड बर्फावरून सरकत वर्तुळाच्या मधोमध चालला होता. दगड नीट सरकावा म्हणून हा त्याच्यापुढे वाकून झाडूनं बर्फ घासत होता. दगड थांबला तेव्हा सामना जिंकलेला होता, लोक बाकांवर उभे राहिलेले होते. तेवढ्यात ओरेस्ट सरळ झाला, हात वर केला आणि म्हणाला, "झाडू लागला."

कुणी पाहिलं नव्हतं. पंचानं नाही, कॅमेऱ्यानं नाही, समोरच्या संघानंही नाही. पण कर्लिंगमध्ये हे असंच असतं. सरकत्या दगडाला ज्याचा झाडू लागला त्यानंच ते सांगायचं. मग दगड राहू द्यायचा की काढायचा, हे समोरचा कप्तान ठरवतो. समोरचा कप्तान होता हाल्डोर, तलावाकाठच्या आइसलँडी वस्तीतला, मासेमारी करणारा, हरण्याचा मनस्वी तिटकारा असलेला माणूस. त्यानं दगडाकडे बघितलं, ओरेस्टकडे बघितलं आणि म्हणाला, "काढा."

ओरेस्ट हरला. मग रीतीप्रमाणे हाल्डोरनं त्याला व्हिस्की पाजली, कारण आमच्याकडे जिंकणाऱ्यानं हरणाऱ्याला हरलेल्यांच्या बाकावर बसवून पाजायचं असतं. त्या पेल्यावर दोघांची जी दोस्ती जमली ती ओरेस्टच्या शवपेटीपर्यंत टिकली. पुढचा खांदा हाल्डोरचाच होता.

या गोष्टीवरून विनिपेगच्या दोघातिघांनी टीव्हीवरची एक मालिका केली, 'ग्रॅनफील्डचे गडी'. ओरेस्टवरून बेतलेल्या कप्तान वॉलीच्या कामाला आणलेला नट पहिल्याच दिवशी बर्फावर पालथा पडला, म्हणून तात्पुरता ओरेस्टला उभा केला. तो मालिका संपेपर्यंत उभाच राहिला. वॉलीची बायको म्हणून लेसियाही स्वयंपाकघरात लाटणं घेऊन बडबडायची. अभिनय कसला, घरी जे बोलायची तेच तिथे. मालिका हसवायची, पण कुणाला खाली पाडून नाही. शेवटच्या भागात वॉलीनं हात वर केला तेव्हा देशभर लोक डोळे पुसत होते म्हणे.

आता त्याच मालिकेवर चित्रपट निघाला. नाव 'ग्रॅनफील्डचे गडी: महाविजय'. नावातच अक्कल कळते. दिग्दर्शक ड्रू कासल्टन, दाढी कोरलेली, पायात असे बूट की बर्फानं बघूनच हसावं. ओरेस्टच्या जागी चेस मेरिवेल नावाचा एक देखणा पुतळा. लेसियाला तिचंच जुनं काम दिलं होतं, फक्त चार वाक्यांचं करून.

तिनं संहिता स्वयंपाकघरात बसून वाचली. शेवटाकडे आली आणि चहा गार झाला. चित्रपटातल्या वॉलीचा झाडू दगडाला लागतो, वॉली इकडेतिकडे बघतो, कुणी पाहिलं नाही अशी खात्री करतो, प्रेक्षकांकडे बघून डोळा मारतो आणि करंडक उचलतो. गाव आनंदानं वेडं होतं.

दुसऱ्या दिवशी ती ड्रूकडे गेली. तो रिंकच्या कॅन्टीनमध्ये कागदी पेल्यातून काहीतरी हिरवं पीत होता.

"हे असं होत नाही," ती म्हणाली.

"काय होत नाही?"

"झाडू लागला तर माणूस सांगतो."

"लेसिया, तू ग्रेट आहेस, मला हे फार आवडतं. पण लोक तिकीट काढून हरायला येत नाहीत."

"मग त्याचं नाव बदल. वॉली म्हटलं की लोकांना ओरेस्टच दिसतो. आणि मालिकेतला ओरेस्टचा तो हिरवा स्वेटर काढ त्या पोराच्या अंगातून."

"स्वेटर कसा काढणार? ती तर आपली ओळख आहे."

"तुझी कसली ओळख? तो मी विणलाय."

ड्रू हसला. त्यानं तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि म्हणाला, "बघू या. संकलनाच्या वेळी काढता येईल काहीतरी." 'बघू या' म्हणजे 'नाही' हे लेसियाला लग्न झाल्यापासून कळत होतं. तरी तिनं काम सोडलं नाही. घरात राहिलं तर निदान चोरावर नजर तरी राहते, असा तिचा हिशेब.

शूटिंगला सगळं गाव बाकांवर बसवलं होतं. मोबदला काय, तर हॉटडॉग आणि कॉफी. चेसला बर्फावर घसरत दगड सोडता येईना, म्हणून त्याला चाकं लावलेल्या फळीवर बसवून ढकलत होते. ते बघून म्हाताऱ्यांची चांगली करमणूक झाली. मग तो क्षण आला. चेसचा झाडू दगडाला लागला. त्यानं डोळा मारला. दगड थांबला.

"जल्लोष," ड्रू ओरडला.

कुणी हललं नाही. सगळं गाव चेसच्या उजव्या हाताकडे बघत बसलं होतं, तो वर कधी जातोय म्हणून.

पुन्हा घेतलं. पुन्हा तेच. मागच्या रांगेतून कुणीतरी समजुतीच्या सुरात म्हणालं, "बाळा, हात वर कर आणि मोकळा हो."

ड्रू चिडला. "अहो, हे खोटं आहे. नाटक आहे. तुम्हाला फक्त ओरडायचंय."

रिंक सांभाळणारा बोहडान उभा राहिला. "खोटं आहे हे कळतंय की आम्हाला," तो म्हणाला, "पण त्यानं अजून सांगितलेलंच नाही. त्याआधी ओरडायचं कसं?"

यात हट्ट नव्हता, बंड नव्हतं. लोकांनी खरोखर प्रयत्न केला. पण घशातून आवाजच फुटेना. जन्मभराची सवय हॉटडॉगनं मोडत नाही. लेसिया बर्फाच्या कडेला उभी होती आणि कित्येक महिन्यांनी तिला पोटभर हसू आलं.

ड्रूनं कॉफीची सुट्टी दिली. परत आला तो चेहरा मऊ करून, हातात माइक घेऊन. म्हणाला, "तुमचं बरोबर आहे. ते सोडून देऊ. पण ज्याच्यामुळे आपण आज इथे आहोत, त्या माणसाला विसरून कसं चालेल? ओरेस्टसाठी. एकदाच. तो ऐकतोय असं समजा."

आणि गाव उठलं. छपराचे पत्रे थरथरले. लोकांनी टोप्या उडवल्या, झाडू बर्फावर आपटले. हाल्डोर आपली काठी कठड्यावर बडवत होता आणि त्याच्या गालांवरून पाणी वाहत होतं. लेसिया तर हमसून रडली. अंत्ययात्रेच्या दिवशी तिला रडता आलं नव्हतं, ते सगळं त्या दिवशी आलं. पोरगा वाटला होता तितका वाईट नाही, असं तिच्या मनात आलं. संध्याकाळी तिनं त्याला कोबीत गुंडाळलेल्या भाताच्या होलुब्त्सींचं मोठं भांडं भरून पाठवलं. कॅमेरे चालू होते की बंद, हे बघायचं तिला सुचलं नाही.

वसंतात चित्रपट तयार झाला. पहिला खेळ ग्रॅनफील्डलाच, रविवारी दुपारी, बर्फ काढलेल्या रिंकमध्ये पडदा लावून. गावाचे आभार मानायला म्हणे. ड्रू आला, गळ्यात रेशमी रुमाल. त्याच्या शेजारी निर्मातीबाई, सगळ्यांना 'अस्सल माणसं' म्हणत होत्या. अस्सल माणसांना खुर्च्या मागे आणि पाहुण्यांना सोफा पुढे.

चित्रपटाबद्दल काय सांगायचं? ज्या मालिकेत एका वाक्यावर लोक आठवडाभर हसायचे, तिथे आता माणसं मूस नावाच्या दांडग्या सांबराच्या शेणात पडत होती. प्रत्येक जण वाक्यागणिक माफी मागत होता, कारण म्हणे आपण कॅनडातले लोक असेच असतो. लोक अधूनमधून हसत होते, स्वतःचं घर किंवा शेजाऱ्याचा ट्रक दिसला की. गावही काही कमी हावरं नाही. पडद्यावर आपलं थोबाड दिसतंय म्हटल्यावर माणूस बाकीचं सगळं गिळतो.

मग चेसचा झाडू दगडाला लागला. त्यानं डोळा मारला. लेसियानं खुर्चीचा दांडा धरला.

आणि पडद्यावर गाव उठलं. टोप्या उडाल्या, झाडू आपटले, हाल्डोरची काठी कठड्यावर बडवली गेली. पडदाभर लेसियाचा चेहरा आला, हमसून रडणारा. ओरेस्टसाठी रडलेली ती, आता एका लबाडाच्या विजयावर आनंदानं रडत होती. त्या लबाडाच्या अंगात तिनं विणलेला स्वेटर होता.

"अगं, ती बघ तू," शेजारीण म्हणाली, आणि मग तिलाही कळलं. एकेका रांगेत ते कळत गेलं. हसू विझलं. केसानं गळा कापला होता, आणि कापणारा पुढच्या सोफ्यावर पाय पसरून बसला होता.

लेसिया उभी राहिली. तिनं उजवा हात वर केला.

"झाडू लागला," ती म्हणाली.

ड्रूनं मान वळवली. "लेसिया, प्लीज, बस ना. मागच्यांना दिसत नाही."

"त्याचा झाडू लागला. तो सांगत नाही, म्हणून मी सांगते. मी त्याच्या संघातली आहे."

हात तिनं खाली घेतला नाही. पडद्यावर करंडक उचलला जात होता, बँड वाजत होता, पण रिंकमध्ये तिकडे कुणाचं लक्ष नव्हतं. सगळ्या माना हाल्डोरकडे वळल्या होत्या. रीतीप्रमाणे आता बोलायचं ते समोरच्या कप्तानानं.

हाल्डोरचा खुबा कामातून गेलाय. उठायला त्याला वेळ लागला, आणि कुणी त्याला हात दिला नाही, कारण त्यानं तो घेतला नसता. उभा राहिला, पडद्याकडे बघितलं, वर केलेल्या हाताकडे बघितलं.

"काढा," तो म्हणाला.

बोहडाननं प्रोजेक्टरची भिंतीतली पिन उपटली. पडदा पांढरा झाला.

"अहो, हे काय? अजून शेवट राहिलाय," ड्रू म्हणाला. त्याचा आवाज पहिल्यांदाच खरा वाटला.

"शेवट आम्ही इथंच पाहिलाय," लेसिया म्हणाली. "तू जन्मला नव्हतास."

तो चित्रपट पुढे देशभर चालला. लोक हसले, कुठलंसं पारितोषिकही मिळालं म्हणतात. मिळो बापडं. आमच्या गावात तो आजही अर्धाच पाहिलेला आहे आणि उरलेला बघायची कुणाला हौस नाही.

त्या दुपारी पाहुण्यांच्या गाड्या निघून गेल्यावर मंडळी रिंकच्या वरच्या बारमध्ये जमली. हाल्डोर सवयीनं गल्ल्यापाशी जाऊन पाकीट काढू लागला. लेसियानं त्याचा हात धरला.

"ठेव ते आत. पैसे मी देणार."

"का म्हणून?"

"आज आम्ही जिंकलोय," ती म्हणाली. "मी आणि ओरेस्ट."

 हाल्डोरनं पाकीट खिशात घातलं आणि हरलेल्यांच्या बाकावर जाऊन बसला.