नंदिनीचं 'नाई'

सेलूच्या बाजारात माईक घेऊन फिरणारा तो माणूस बायांना आधी रस्त्याचं विचारत होता, मग नळाचं. निवडणूक तोंडावर आलेली, त्यामुळे कुणाला नवल वाटलं नाही. नंदिनीच्या वांग्यांपाशी येऊन मात्र त्याने विचारलं, "ताई, व्यंग असलेलं बाळ पाडायला कोर्टानं परवानगी द्यावी का?"

नंदिनीच्या अंगावर काटा आला. हा प्रश्न मलेच काऊन?

गेल्या वर्षी, सहा महिने उलटल्यावर, तिच्या पोटातल्या बाळाची कवटीच तयार झाली नसल्याचं कळलं होतं. नवरा वैभव तिला घेऊन नागपूरला हायकोर्टात गेला. परवानगी मिळाली. गावात, हिंगणीत मात्र 'बाळ पोटातच गेलं' एवढंच सांगितलं. खरं ठाऊक होतं ते फक्त घरच्यांना. ती, वैभव आणि सासू मंदाबाई.

"नाई... मले काई विचारू नका, दादा," ती कशीबशी म्हणाली.

संध्याकाळी मोबाइलवर बातमी आली. वर लाल अक्षरं: 'कोर्टाच्या निकालावर ग्रामीण महिलांचा संताप'. एक भारदस्त आवाज विचारत होता, "पोटच्या गोळ्याचा जीव घ्यायचा हक्क हवा का?" आणि लगेच नंदिनीचा चेहरा: "नाई." पुढचं सगळं कापलेलं. मग दुसऱ्याच कुण्या बाईला अशी परवानगी देणाऱ्या ताज्या निकालाचं स्वागत करणाऱ्या एका महिला उमेदवाराचा फोटो, त्यावर भलंमोठं प्रश्नचिन्ह.

नंदिनी सासूवर उसळली. "त्याले कोणं सांगतलं? कोर्टातून परवानगी घेऊन पाडलं, हे तुमच्याबिगर कोणाले माहीत हाय? तुमीच बोलल्या असान!"

"माह्या तोंडून शब्द निंघाला असन तं जीभ झडो माही!" मंदाबाई म्हणाल्या.

तेवढ्यात दोघींचं लक्ष दाराकडे गेलं. शेजारची मनकर्णाबाई मोबाइल घेऊन उभी होती. तीही बाजारात कांदे विकायला बसायची.

"मी तं हे दाखवाले आलती," ती चाचरत म्हणाली. "सगळ्याच बायांले विचारून राह्यला होता तो. मी म्हटलं, यात पाप कायचं? तं पाहा, माहं 'पाप' एवढंच ठेवलं मेल्यानं."

म्हणजे त्या माणसाला काहीच ठाऊक नव्हतं. जे झाकून ठेवलं होतं ते नंदिनीच ओरडून बसली होती.

"काकू, तुमी... काय आयकलं?"

"काई नाई, माय." मनकर्णाबाई इतक्या चटकन बोलली की नंदिनीला ते खरं वाटेना.

मंदाबाईंनी दोन दिवस अबोला धरला. नंदिनीने पाय धरले तेव्हा एवढंच म्हणाल्या, "फोनातल्या पराया माणसावर इश्वास ठेवला तुनं, माह्यावर नाई."

पुढच्या बाजाराला त्या स्वतः सुनेसोबत बसल्या. माईकवाला पुन्हा हसत आला, तशा उठूनच उभ्या राहिल्या. "तिचं मागचं बोलणं पुरं दाखव पयले, मंगच इकडं येजो!" तो गुमान पुढच्या रांगेत वळला.

नंदिनीला बरं वाटलं. पण पलीकडे मनकर्णाबाई एका गिऱ्हाइकाच्या कानाशी लागून काही बोलत होती. नंदिनीने हातातली वांगी खाली ठेवली आणि कान दिला. कांद्याच्या भावाचंच बोलणं असावं. नीट ऐकू आलं नाही.