चिमट्यातल्या तीन चिठ्ठ्या

मित्रांनो, कपाटावरून वाकून बघणारी ती जुनी लाकडी फळी म्हणजे मीच. डोक्यावर लोखंडी चिमटा असलेल्या आमच्या जातीला तुम्ही परीक्षेचं पॅड म्हणता. पण परीक्षा फार नंतर आल्या. त्याआधी मी चांगली नोकरी केलेली आहे.

एका मोडक्या टेबलातून सुताराने मला कापून काढलं आणि मी माझ्या मालकांच्या, म्हणजे बाबांच्या, रेडिओ दुरुस्तीच्या दुकानात खिळ्याला लटकले. गिऱ्हाईक आलं की बाबा चिठ्ठी लिहीत. 'खरखर.' 'मध्येच गप्प बसतो.' 'सासूबाईंचा आहे, जपून.' चिठ्ठी माझ्या चिमट्यात जायची आणि बोलू लागलेला रेडिओ गिऱ्हाईकाने नेला की निघायची. काय थाट होता माझा. मग चिठ्ठ्या कमी होत गेल्या. एके दिवशी शटर खाली आलं, बाबा वायरींच्या कारखान्यात कामाला लागले आणि मी माळ्यावर धूळ खात पडले.

तिथून मला बाबांच्या मुलीने उतरवलं. शाळेच्या परीक्षांपासून ती मला घेऊन थेट अर्थशास्त्राच्या पीएचडीपर्यंत पोचली. माणसं स्वतःचा धंदा का काढतात आणि नोकरी का धरतात, हा तिचा विषय. प्रश्नावली माझ्यावर लावून ती दुकानोदुकानी आणि कचेऱ्यांमधून फिरायची. एक इस्त्रीवाले म्हणाले, "ताई, फळी दणकट आहे हो." त्या दिवशी मी हवेत होते. बंद दुकान दिसलं की ती यादीत 'बंद' लिहून पुढे जायची. मला ते खटकायचं, पण फळीचं कोण ऐकतं?

दोनशे बारा फॉर्म भरले. निष्कर्ष निघाला: धंदा करणारे नोकरदारांपेक्षा समाधानी असतात. प्रबंध द्यायला महिना उरला होता. जेवताना तिने ते बाबांना वाचून दाखवलं.

"छान लिहिलंयस," बाबा म्हणाले. "पण सगळी दुकानं चालूच होती का गं?"

"बंद दुकानात कोण भेटणार, बाबा?"

"मी भेटलो असतो."

जेवण झाल्यावर तिने कोरा फॉर्म माझ्या चिमट्यात लावला आणि बाबांसमोर बसली. "दुकान बंद का केलंत?"

"दोन वर्षं आधीच कळलं होतं, चालणार नाही. पण तिघांचे रेडिओ दुरुस्त होऊन पडले होते, न्यायला कुणी येईना. लोक येतील आणि शटर बंद दिसेल, म्हणून उघडत राहिलो. शेवटी तिन्ही रेडिओ घरपोच दिले आणि कारखान्यात गेलो."

त्या तीन चिठ्ठ्या दोन वर्षं मीच धरून होते, मित्रांनो. उत्तराला फॉर्मवर चार ओळी होत्या. तिने कागद उलटून मागची बाजूही भरली.

मार्गदर्शक बाई म्हणाल्या, "वर्ष वाढेल." ती म्हणाली, "वाढू दे." मग आम्ही बंद दुकानांचे मालक शोधत हिंडलो आणि फक्त टिकलेल्यांना विचारून काढलेला तो निष्कर्ष तिने स्वतःच्या हाताने खोडला.

आता माझा चिमटा सैल झालाय. तो बदलला नाहीत तरी चालेल, अधूनमधून धूळ तेवढी पुसा. आणि वाटेत एखादं गंजलेलं शटर दिसलं, तर तिथे काय चालायचं ते कुणाला तरी विचारा. सांगणारा कदाचित तुमच्याच घरी, तुमच्या शेजारी बसून जेवत असेल.