एकाच दारात रोज कसं जायचं

सांगलीच्या एका दवाखान्यात, मानसोपचार विभागात, मी आकडे भरायला होते. रुक्सार, बी.ए., सेकंड क्लास. माणसाचं मन कसं शिकतं याचं गणिती मॉडेल करणं हे राजसचं काम, कारण तो पुण्याहून पंधरा दिवसांचा कोर्स करून आला होता. मी तेच मोबाईलवर शिकले, कराड-सांगली एसटीत, खिडकीला डोकं टेकून. शिकायला कुणाच्या बापाची परवानगी लागत नाही.

त्या मॉडेलचा जीव एवढासा. माणसाला वाटतं एक, मिळतं दुसरं. त्या फरकातला किती हिस्सा तो मनावर घेतो, तो आकडा म्हणजे त्याचा शिकण्याचा वेग. हे डोक्यात उजाडलं त्या दिवशी मी माझा स्टॉप सोडून दोन स्टॉप पुढं गेले आणि हसत हसत चालत मागं आले.

आमच्या अभ्यासात टॅबलेटवर एक खेळ होता. दोन घरं, एक लाल, एक निळं. दार वाजवलं की कधी तारा मिळतो, कधी नाही. एका घरात दहातल्या आठ वेळा मिळतो; ते कुठलं, हे हुडकायचं. मधेच जास्त देणारं घर बदलतं. खेळल्या कोण, तर शिराळ्याकडच्या खेड्यांतल्या चाळीस बायका, नैराश्याची औषधं चालू असलेल्या. तुलनेला शहरातल्या वसतिगृहातल्या चाळीस धडधाकट मुली. राजसच्या मॉडेलनं सांगितलं, बायकांचा वेग जवळजवळ शून्य. त्यानं लेखाला नावही देऊन टाकलं: 'नैराश्यग्रस्त ग्रामीण स्त्रियांचे मंद शिक्षण'. शनिवारी विभागप्रमुख चारुशीला मॅडम तो छापायला पाठवणार होत्या.

माझ्या डोक्यात सणक गेली. चाळीस बायकांच्या कपाळावर शिक्का मारून कागद जगभर फिरणार, आणि त्यांना पत्ताही नाही.

मूळ नोंदी उघडल्या. लाल, निळं, लाल, निळं. पानंच्या पानं. हताश माणूस इतक्या शिस्तीत चुकत नाही. राजसला दाखवलं तर म्हणाला, तू नोंदी भर, मॉडेलचं मी बघतो.

गुरुवारी अख्तरबी औषधं न्यायला आल्या. त्या चाळिसांतल्याच एक. मॅडमना विचारून मी त्यांना बाकावर बसवलं.

"चाची, लाल घरात जास्त मिळतंय, हे कळलं नव्हतं का?"

"कळलं की. न कळाय काय झालं?"

"मग निळ्यात का जात होता?"

त्यांनी माझ्याकडं असं बघितलं, जणू मला घरात काही वळणच लावलेलं नाही. "आगं, एकाच दारात रोज कसं जायाचं? दह्याला इरजान मागायचं झालं तर आज हिच्याकडं, उद्या तिच्याकडं. ती बाई देती म्हणून तिलाच पिळायचं व्हय?"

झालं. राजसनं खेळ गावच्या बायकांना आपला वाटावा म्हणून घरं काढली होती, आणि बायका घरासारख्याच वागल्या. वसतिगृहातल्या पोरींना दही दुकानातून मिळतं; त्यांना कसली दारं?

मॉडेलमध्ये लाजेचा आकडाच नव्हता. मी तो घातला: आत्ताच ज्या दारात गेलो तिथं लगेच परत न जाण्याची ओढ. मग संगणकातच दोनशे खोट्या बायका तयार केल्या, प्रत्येकीचा वेग आणि लाज मीच ठरवली, त्यांना खेळायला लावलं आणि मॉडेलला म्हटलं, आता ओळख. पहिल्यांदा सगळ्याच जणी चुकीच्या ओळखल्या, कारण वजाच्या जागी मी अधिक लिहिलं होतं. दुसऱ्यांदा बरोबर. मग खऱ्या चाळीस जणी आत सोडल्या. त्यांचा वेग वसतिगृहातल्या पोरींइतकाच निघाला. मी नोंदींच्या खोलीत नाचले. शिपाई धुळामामांनी दारातून विचारलं, पास झालीस काय गं? म्हटलं, मी न्हाई मामा, चाळीस बायका झाल्या.

शुक्रवारी मी हे मॅडमसमोर मांडलं तेव्हा राजस म्हणाला, हवा तो आकडा घातला की मॉडेल हवं ते बोलतं. मनात मी त्याला शिवी दिली, पण मुद्दा खरा होता. म्हणून मी मॅडमना लिहून दिलं: घरं काढून पाण्याचे दोन नळ दाखवा, ही अदलाबदल थांबेल. थांबली नाही, तर मी खोटी.

टॅबलेटवर घरांच्या जागी मी नळांची चित्रं टाकली; त्या दिवशी बाह्यरुग्ण विभागात त्या चाळिसांतल्या सहा बायका होत्या. त्यांत अख्तरबीही; रात्री सांगलीतच लेकीकडं मुक्काम करून त्या परत आल्या होत्या. त्यांनी नळ बघितले, दोन्ही चारदा चाचपले आणि डाव्या नळाला ठाण मांडून बसल्या. तारे पडत राहिले. डावा आटला तशा पाचव्या-सहाव्या वेळेला उजव्यावर गेल्या आणि तिथंच बसल्या. राजस त्यांच्या खांद्यावरून बघत होता. त्याला राहवलं नाही.

"चाची, आता आलटून पालटून नाही जायचं?"

"नळाला कसली लाज, डाक्टर? पाणी यील तितं घागर लावायची."

मॅडम हसल्या, आणि मग हसतच राहिल्या. सहाच्या सहा जणी तशाच खेळल्या. मॅडमनी लेखाच्या नावावर आडवी रेघ मारली. सहा म्हणजे पुरावा नव्हे, म्हणाल्या. चाळीसच्या चाळीस जणी पुन्हा बसवा, नळांवर. वसतिगृहातल्या मुलीही. आणि तुलनेला त्याच खेड्यांतल्या धडधाकट बायकाही आणा, हे आधीच सुचायला हवं होतं. मॉडेल रुक्सार लिहील.

राजस खुर्ची ओढून माझ्याशेजारी बसला आणि म्हणाला, दाखव. मी त्याला आधी खोट्या बायका कशा करायच्या ते शिकवायला घेतलं.